बेडसोर भरतोय की चिघळतोय? दर आठवड्याला मोजा, वहीत लिहा

विंचूर (ता. निफाड) : उन्हाळ कांदा काढणीला आला की घरातली कर्ती माणसं दिवसभर रानात असतात. लकवा झालेलं किंवा खुबा मोडलेलं म्हातारं माणूस मग तासन् तास एकाच अंगावर पडून राहतं. माकडहाड, खुबा, टाच इथला रक्तपुरवठा दाबानं अडतो आणि जखम होते. हेच शय्याव्रण, म्हणजे बेडसोर.

टप्पे चार
१) कातडी शाबूत, पण दाबूनही लाली जात नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथं हात लावून गरमपणा, कडकपणा बघा.
२) वरची कातडी सोललेली किंवा फोड.
३) चरबीपर्यंत खड्डा.
४) स्नायू किंवा हाड उघडं.
काळी खपली किंवा पिवळा थर असेल तर खोली कळत नाही. तो घरी खरवडू नका.

नोंद कशी ठेवायची?
यासाठी 'पुश' नावाची गुणपद्धत आहे. लांबी गुणिले रुंदी (० ते १०), स्राव (० ते ३) आणि जखमेचा तळ (० ते ४) यांची बेरीज करायची. कमाल १७, शून्य म्हणजे जखम बंद.

उदाहरण : जखम ५ बाय ४ सेंमी, म्हणजे २० चौ. सेंमी : ९ गुण. मध्यम स्राव २, पिवळा थर ३. एकूण १४. दोन आठवड्यांनी ४ बाय ३ सेंमी : ८ गुण. स्राव थोडा १, तळ लालसर दाणेदार २. एकूण ११. म्हणजे जखम भरतेय. दर वेळी रुग्णाला त्याच कुशीवर घेऊन, त्याच पद्धतीनं मोजा.

हे पाळा
साधारण दर दोन तासांनी कूस बदला. रानात जाताना ही पाळी कुणाची, ते ठरवूनच निघा. टाच उशीवर न टेकता अधांतरी ठेवा. लाल जागा चोळू नका. हळद, राख, स्पिरिट लावू नका. मधे भोक असलेली गोल गादी वापरू नका. डाळी, अंडी, दूध पोटात जाऊ द्या. पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारा.

दोन आठवड्यांत आकडा उतरला नाही तर वही घेऊन लासलगाव ग्रामीण रुग्णालय किंवा निफाड उपजिल्हा रुग्णालय गाठा. ताप, घाण वास, भोवती पसरणारी लाली किंवा रुग्ण बरळू लागला तर थांबू नका, १०८ ला फोन करा.