निळीचे हौद

निळीच्या रोपाच्या पानांत निळा रंग नसतो. त्यांत इंडिकॅन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाला पाण्यात आंबला की ते फुटते आणि त्यातून सुटलेल्या अर्काला हवा लागली की रंग निळा होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतो. म्हणूनच त्याच्या वड्या पाडून त्या देशोदेशी पाठवता आल्या.

सतराव्या शतकात आग्र्याजवळचे बयाना आणि अहमदाबादजवळचे सरखेज इथली नीळ नावाजलेली होती. वाळलेली नीळ चाळणारे मजूर डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड फडक्याने झाकत, वरचेवर दूध पीत, असे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए लिहितो. सकाळी त्यांच्याजवळ ठेवलेले अंडे संध्याकाळी फोडले तर आतून निळे निघे, असेही त्याने नोंदवले आहे. ती धूळ रोज त्यांच्या छातीत जात होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या धंद्याचे केंद्र बंगाल-बिहारकडे सरकले. तिथल्या कोठ्यांमध्ये एकाखाली एक अशा दोन हौदांच्या रांगा असत. वरच्या हौदात जुड्या दाबून रात्रभर भिजवत. सकाळी पिवळसर हिरवे पाणी खालच्या हौदात सोडत आणि कंबरभर पाण्यात उतरलेले मजूर ते वल्ह्यांनी दोन-तीन तास घुसळत. पाण्यावर निळा फेस चढे, हिरवे पाणी हळूहळू गडद होई. घुसळणे कधी थांबवायचे हे जाणत्या नजरेने ठरे. घाई झाली की रंग पाण्यातच राही, उशीर झाला की माल बिघडे. खाली बसलेला गाळ उकळून, कापडातून गाळून, दाबाखाली पिळत. मग त्याच्या वड्या कापून, कोठीचा शिक्का मारून त्या सावलीत महिनोन्महिने वाळवत. उरलेला चोथा खत म्हणून शेतात जाई.

शंभर किलो हिरव्या पाल्यातून नीळ निघे ती जेमतेम पाव-अर्धा किलो, आणि पाला कापला की लगेच हौदात पडावा लागे. त्यामुळे शेते कोठीच्या आसपासच हवीत आणि पीक नेमक्या वेळी हाती यायला हवे. धंद्यातल्या जुलमाचे मूळ बरेचसे इथे आहे. निळे साहेब, म्हणजे कोठ्यांचे गोरे मालक, रयतेला ‘दादन’ म्हणजे आगाऊ रक्कम देत आणि भाताच्या उत्तम जमिनीत नीळ पेरायला लावत. भाव इतका कमी की दादन फिटतच नसे, आणि बापाचे देणे मुलाच्या माथी येई. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पेरणीच नाकारली आणि ते लोण बंगालभर पसरले. १८६० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर छापवून घेणाऱ्या पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला.

बंगालमधली नीळ आटली तरी बिहारमध्ये ती टिकली. चंपारणात तीनकठिया पद्धतीने बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावणे सक्तीचे होते. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पानांच्या निळीचा भाव कोसळला. तोटा मात्र मळेवाल्यांनी कुळांवर ढकलला: निळीतून सुटका हवी तर वाढीव खंड द्या, नाहीतर एकरकमी ‘तावान’ भरा. राजकुमार शुक्ल यांच्या आग्रहावरून गांधीजी एप्रिल १९१७ मध्ये चंपारणात आले ते या तक्रारींसाठीच. त्यानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे मळेवाल्यांनी तावानाचा चौथा हिस्सा परत देण्याचे मान्य केले आणि १९१८ च्या चंपारण शेती कायद्याने तीनकठिया रद्द झाली.