गवती छपराचा वारसा

इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना आपापल्या घराचे चित्र काढायला सांगितले. एका मुलाचे घर गवती छपराचे. त्याने मात्र गच्चीचा बंगला काढला. त्याला घराची लाज वाटते, हे आमच्या ध्यानात आले. त्या दिवशी आम्ही पाठ्यपुस्तक मिटले आणि 'बंगला' या शब्दाचीच हकीकत सांगितली.

बंगला म्हणजे मुळात बंगालची झोपडी. बांबूचा सांगाडा, कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर गवताचे जाड छप्पर. बांबू वाकतो, म्हणून छपराचा आढा मध्ये उंच व टोकांकडे झुकता. वळचणीही तशाच कमानदार. धो धो पावसाचे पाणी त्यावर थांबत नाही. दोन पाख्यांच्या छपराला तिकडे 'दोचाला' म्हणतात, चार पाख्यांच्या छपराला 'चौचाला'.

गवत कुजते, बांबूला कीड लागते. त्या काळच्या झोपड्या आज कुठून दिसणार? पण त्यांचा आकार विटांत टिकला. पांडुआ येथील एकलाखी मकबरा पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याची वरची कड झोपडीच्या वळचणीसारखी वाकलेली आहे. बागेरहाटची साठ घुमट मशीद खान जहान (मृत्यू १४५९) यांच्या नावाशी जोडलेली. तिच्या मधल्या ओळीत घुमटांऐवजी सात चौचाला छपरे आहेत, तीही विटांची! बागेरहाटला १९८५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे शाहजहानच्या काळात (१६२८ ते १६५८) हेच छप्पर लाहोरच्या किल्ल्यातील नौलखा महालावर संगमरवरात चढले. आग्र्याच्या किल्ल्यातही ते दिसते. इंग्रजांनी तोच शब्द उचलून आपल्या घरांना दिला.

मुसलमानांची वास्तुकला सगळी बाहेरून आली, असे आपल्याला ऐकवले जाते, आणि आपणही कधी कधी अभिमानाने तेच सांगतो. बंगालच्या मशिदी वेगळे सांगतात. तिथल्या गवंड्याने इबादतीच्या जागेला आपल्या गावातल्या घराचे छप्पर दिले. बादशहालाही ते कमी वाटले नाही.

आज पत्रा सोयीचा आहे. गरिबाने गळके छप्पर जपावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण छप्पर उतरवण्याआधी त्याचे माप घ्यावे, फोटो काढावा, शाकारणी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहून ठेवावी. एवढे तर आपल्या हातात आहे ना?

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी नवे चित्र आणले. त्यात गवताचे छप्पर होते.