वेगळ्या चुलीचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असे आपल्या कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा अजिंक्यतारा, संगम माहुली किंवा सांगलीचा गणपती असावा. ह्या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मला सांगावयाचा आहे तो इतिहास आपल्याच दोन जिल्ह्यांत, आपल्यापैकी कित्येकींच्या डोळ्यांदेखत घडला. तो गडावर घडला नाही. रेशनकार्डावर, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 वर आणि घरकुलाच्या यादीत घडला. नवऱ्याने टाकलेल्या बाईला स्वतःचा उंबरा कसा मिळू लागला, आणि तो मिळताना गाडे कुठे अडते, त्याची ही हकीकत आहे.

बेघर म्हटले की आपल्यापुढे मिरज स्टेशनच्या फलाटावर किंवा पुलाखाली निजणारा माणूस उभा राहतो. टाकलेली बाई तशी दिसत नाही. ती भावाच्या घरी असते. पडवीत किंवा न्हाणीशेजारच्या खोलीत तिची ट्रंक असते. सकाळी ती सर्वांच्या आधी उठते आणि रात्री सर्वांच्या मागून जेवते. आईवडील असेतोवर ते माहेर असते. ते गेल्यावर ते भावजयीचे घर होते. भावजयीला ह्यात दोष देण्याचे कारण नाही. तिलाही पदरची चार पोरे असतात आणि घर तीनच खणांचे असते. पण भांडण झालेच, तर कोणी बाहेर पडावयाचे हे आधीच ठरलेले असते. म्हणून मी असे म्हणते की ही बाई बेघरच असते, फक्त तिच्या डोक्यावर दुसऱ्याचे छप्पर असते.

ती मोजली का जात नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. रेशनकार्डही चुलीप्रमाणे. भावाच्या चुलीवर जेवणारी बहीण भावाच्या कुटुंबात मोजली जाते, आणि भावाला घर असल्यामुळे तीही घर असलेली ठरते. सरकारला ती दिसावी कशी? दिसावयाची तर आधी तिची चूल वेगळी दिसली पाहिजे.

पूर्वी गावकीचा न्याय एकच असे: दोन्हीकडची चार मोठी माणसे जमवावयाची आणि जावयाला म्हणावयाचे, "नांदव." तो हो म्हणे, बाई गाठोडे घेऊन जाई आणि दिवाळीच्या आत परत येई. 1943 ते 1946 ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात आपली न्यायदान मंडळे चालविली, तेव्हा त्यांच्यापुढे जमिनीच्या आणि सावकारीच्या तंट्यांबरोबर नवराबायकोच्या तक्रारीही आल्या. इंग्रजांच्या कोर्टाला विचारण्याआधी गरीब बाई आपल्या माणसांना विचारू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र बाईचे स्वतःचे घर हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आलेला दिसत नाही. घर एकतर नवऱ्याचे, नाहीतर बापाचे.

हा प्रश्न पुढे ज्यांनी आपल्या भागात लावून धरला, त्या इंदुताई पाटणकर ह्याच प्रतिसरकारच्या मुशीतून निघालेल्या. जन्म 1925 चा, कऱ्हाड तालुक्यातील इंदोलीचा. विशीच्या आतच त्या चळवळीत पडल्या. वाळवे तालुक्यातील कासेगावच्या बाबूजी पाटणकरांशी त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत बाबूजींचा खून झाला आणि लहान मुलाला घेऊन, सासूच्या आधाराने, प्राथमिक शाळेतील नोकरीवर त्यांनी संसार केला. तो मुलगा म्हणजे पुढे धरणग्रस्तांसाठी आणि समन्यायी पाणीवाटपासाठी झटणारे डॉ. भारत पाटणकर. इंदुताई 2017 साली वारल्या. घरचा कर्ता पुरुष गेल्यावर बाईला काय काय कागद लागतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

1980 नंतरच्या दशकात त्यांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने सांगली-सातारा भागात टाकलेल्या बायकांना एकत्र आणले. 'परित्यक्ता' हा शब्द त्याच सुमारास गावोगाव रुळला. 1988 साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली. म्हणजे वारे एकट्या आपल्याकडे वाहत नव्हते. पण आपल्याकडच्या मागण्यांची मांडणी मला फार व्यवहारी वाटते. स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड हवे. घराला जागा हवी. हाताला काम हवे. नवऱ्याकडे परत पाठवा, ही मागणी त्यांत नव्हती.

रेशनकार्ड आधी का, असे पुष्कळांनी तेव्हा विचारले. शहरातील शिकलेल्या बायकांना तर ही मागणी फारच किरकोळ वाटली. पण कार्ड म्हणजे नुसती साखर आणि रॉकेल नव्हे. कार्ड मिळाले की सरकारी कागदावर चूल वेगळी झाली. चूल वेगळी झाली की कुटुंब वेगळे झाले. कुटुंब वेगळे झाले की घरकुलाच्या यादीत नाव बसू शकते, आणि यादीत नाव असले की पंचायतीला जागेचा विचार करणे भाग पडते. साखळीची पहिली कडी ती होती.

मी त्या काळी कृष्णाकाठच्या एका गावी शाळेत शिकवीत होते. माझ्या चौथीतील एका मुलीची आई अशीच माहेरी राहिलेली, उसाच्या भांगलणीला जाणारी. तिने कार्डासाठी अर्ज केला तेव्हा तिला सांगण्यात आले, की नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण. दाखला मिळावयाचा नवऱ्याच्या गावी. तिथे नवऱ्याने दुसरी बायको केलेली. तो म्हणे, नाव काढावयाचे नाही, ती माझी बायको आहे. तिच्या वाट्याचे धान्य तो उचलत होता, हे उघड होते. तिच्या तीन पावसाळ्यांची मजुरी एस. टी. च्या तिकिटांत गेली असेल. शेवटी चळवळीतील बायका तीस-चाळीसजणी मिळून कचेरीत जाऊन बसल्या आणि तलाठ्याच्या पंचनाम्यावर, म्हणजे ही बाई खरोखर वेगळी शिजवून खाते एवढ्यावर, कार्ड मिळाले. पंचनाम्याच्या दिवशी तिने भावाच्या परड्यात तीन दगड मांडून भाकरी केली होती. तलाठी चांगला माणूस होता. त्याने धूर पाहिला आणि सही केली.

जागेची गोष्ट आणखी पुढची. 1990 साली महाराष्ट्राने ग्रामपंचायतींत बायकांसाठी 30 टक्के जागा राखल्या. पुढे 1993 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश झाल्या आणि 2011 पासून आपल्याकडे निम्म्या आहेत. त्या सदस्यबायकांना बोलताच येत नाही, नवरेच कारभार करतात, अशी चेष्टा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती काही ठिकाणी खरीही होती. पण ह्या बाईचा अर्ज पंचायतीपुढे आला तेव्हा सरपंच म्हणाले, "हिला जागा दिली तर उद्या साऱ्या गावच्या येतील." त्यावर एक सदस्यबाई, जिने त्याआधी सभेत तोंड उघडले नव्हते, ती म्हणाली, "येऊ द्यात की. किती हाईत ते तरी कळंल." ठराव झाला. गावठाणाच्या कडेला एक गुंठा जागा मिळाली.

आता घर बांधावयाचे कोणी? इथे दोन हातांची गाठ पडावी लागते, आणि माझ्या मते सगळे इंगित इथेच आहे. जागा पंचायतीच्या हाती. पैसा घरकुल योजनेचा, तो जिल्हा परिषदेमार्फत येणार. 1985 साली सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि 2016 पासूनची प्रधानमंत्री आवास योजना ह्या दोन्ही घर बाईच्या नावे किंवा पतिपत्नींच्या नावे देण्यास सांगतात. मात्र पैसे देणारी योजना म्हणते, आधी जागा दाखवा. आणि जागा देणारी पंचायत म्हणते, आधी मंजुरी दाखवा. बाई मधल्या मध्ये हेलपाटे घालते. ज्या गावांत ग्रामसेवक, पंचायत आणि तालुक्याची पंचायत समिती ह्यांनी एकाच आठवड्यात कागद हलविले, तिथे घरे उभी राहिली. जिथे प्रत्येकाने दुसऱ्याच्या सहीची वाट पाहिली, तिथे मंजूर रक्कमही परत गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या आईला घर मिळाले ते दोन खोल्यांचे, पत्र्याचे. चौथरा तिने आणि मुलीने ओढ्यातले दगड वाहून भरला होता.

2003 साली राज्य सरकारने गावातील घरांची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करावी असा आदेश काढला. नमुना 8 वर बायकोचे नाव चढले म्हणजे नवऱ्याला तिच्या माघारी घर विकणे अवघड होते. टाकलेल्या बाईला नंतर जागा शोधून देण्यापेक्षा तिला मुळात बाहेर काढताच येऊ नये, हा त्यातला खरा फायदा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आखडता घेतला होता, तो 2020 साली त्याच न्यायालयाने मोकळा केला; घर सासूसासऱ्यांच्या नावे असले तरी सुनेचा राहण्याचा हक्क त्यामुळे आपोआप जात नाही. कायद्याचा हा भाग चांगला आहे. पण आमच्या भागातील किती घरांच्या उताऱ्यावर आज दोन नावे आहेत, हे प्रत्येकीने आपापला उतारा काढून पाहावे. पंचायतीत जुजबी फी भरून तो मिळतो.

जागेचे मात्र अलीकडे अवघड झाले आहे. पूर्वी पंचायती गायरानाचा तुकडा सुचवीत. 2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी राज्यानेही गायराने इतर कामांना देण्यावर बंधने घातली. गुरांना चरायला जागा हवीच. निकालाचा रोख धनदांडग्यांवर होता, हेही मला मान्य आहे. परंतु त्याची झळ एका गुंठ्यावाल्या बाईला आधी लागली. तिच्यासारख्या भूमिहीन लाभार्थ्यांना 500 चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी सरकारने सुरुवातीला 50,000 रुपयांची योजना काढली. इस्लामपूर किंवा विट्याच्या आसपास त्या पैशांत काय मिळत होते, हे जागेचे भाव ठाऊक असलेल्यांना सांगावयास नको.

शहरात पंचायतीच्या जागी नगरपालिका किंवा महापालिका आणि गायरानाच्या जागी इमारत, एवढाच फरक. 2010 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी शहरांना रात्रनिवारे काढणे भाग पडले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात पालिकेने इमारत द्यावी आणि सेवाभावी संस्थेने ती चालवावी, अशी घडी बसली. सांगलीत महापालिकेचे 'सावली' निवारा केंद्र ह्याच रीतीने उभे राहिले. रस्त्यावर सापडलेल्या वृद्धांना आणि मनोरुग्णांना तिथे आसरा मिळतो, त्यांच्या घरच्यांचा शोध घेतला जातो. पालिकेला रोजची सेवा जमत नाही, संस्थेला इमारत परवडत नाही. दोघांनी मिळून केले तरच होते.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा ह्या साऱ्याचा पुन्हा पडताळा आला. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले ते कुटुंबागणिक. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीची ट्रंक, तिची शिलाई यंत्रे, तिचे अंथरूण भावाच्या घराबरोबरच भिजले. मदत भावाच्या खात्यावर गेली. ज्या बायकांचे कार्ड वेगळे होते त्यांचा पंचनामा वेगळा झाला. त्या वेळी मी मदतीच्या फेरीत होते. रांगेत एक बाई हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले केशरी कार्ड उंच धरून उभी होती. घरातले सगळे सोडून पुराच्या पाण्यातून तिने तेवढे डोक्यावर धरून आणले होते.

आपल्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र महिला ग्रामसभा घ्यावी लागते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. शेजारच्या गावच्या मागच्या महिला ग्रामसभेत आपल्या मंडळाच्या तिघी गेल्या होत्या. तिथे टाकलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या बायकांची यादी करावी असा ठराव झाला. पहिल्या दिवशी चार नावे निघाली. आठवड्याने घरोघर फिरल्यावर एकोणीस झाली, आणि त्यांपैकी अकराजणींची नावे अजून नवऱ्याच्याच कार्डात आहेत. त्या अकरा अर्जांचे लिखाण सध्या मंडळाच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी चालते.