प्रदर्शन उठले, चित्र उरले

परवा नातीने आपल्या लॅपटॉपच्या झाकणावर एक रंगीत चित्र चिकटवले. पांढरा, निमुळता सुळका आणि त्याच्याजवळ मोठा थोरला पांढरा गोल. मी विचारले, "हे कुठले देऊळ ग?" ती हसली. म्हणाली, "देऊळ नव्हे आजी, हे न्यूयॉर्कचे १९३९ सालचे जागतिक प्रदर्शन!"

मग मीही कुतूहलाने थोडे वाचले. त्या सुळक्याचे नाव ट्रायलॉन. उंची ६०० फुटांहून अधिक. गोलाचे नाव पेरिस्फिअर; व्यास १८० फूट. १९४० साली प्रदर्शन संपले, दोन्ही पाडले गेले आणि त्यांचे पोलाद युद्धसामग्रीच्या कामी लागले. उरली ती चित्रे! प्रदर्शनांची अशी चिकटचित्रे पूर्वी कागदी असत. मागचा डिंक ओला करून ती पाकिटावर लावीत. आता तीच जुनी चित्रे व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकवर छापतात. पाणी लागले तरी ती बिघडत नाहीत.

परंतु सर्वच चित्रांचे भाग्य असे नसते. १८९३ साली शिकागोला भरलेल्या प्रदर्शनात स्त्रियांसाठी एक स्वतंत्र इमारत होती. तिचा आराखडा सोफिया हेडन या तरुणीने केला. तिला १,००० डॉलर मिळाले. इतर इमारतींच्या पुरुष शिल्पज्ञांना याहून कितीतरी अधिक. आतल्या भिंतीसाठी मेरी कॅसॅट या चित्रकर्तीने 'आधुनिक स्त्री' हे भव्य चित्र रंगविले. त्यात स्त्रिया ज्ञानवृक्षाची फळे तोडीत होत्या, आणि खुडलेले फळ एक स्त्री लहान मुलीच्या हाती देत होती. प्रदर्शन उठल्यावर इमारत पाडली गेली, आणि ते चित्र कोठे गेले हे आजतागायत कोणास ठाऊक नाही! त्या काळच्या छापील पुस्तकांतून आलेल्या छायाचित्रांवरूनच आज त्याची ओळख पटते.

हे वाचून जिवाला चुटपुट लागली. भगिनींनो, मोठ्या इमारती पडतात. कोणी जपून ठेवलेला कागदाचा कपटा मात्र टिकतो. आपल्या मंडळाचे जुने फोटो, हस्तपत्रके, हिशेबाच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत असतील, तर त्या रद्दीत घालू नका. उद्या आपल्या नातींनाही विचारावेसे वाटेल, "आजी, हे कुठले ग?"