अडीचशे रुपये आणि परिच्छेद ४८६

'पोलीस अधिकारी बडतर्फ' अशी बातमी आली की आपण खूष. आपल्याकडे एचआरचा एक मेल आला की खेळ खलास! पण सरकारी नोकराच्या पाठीशी घटनेचं कलम ३११ असतं : आधी आरोप सांगा, त्याची बाजू ऐका, मग काढा.

त्याच्याही मागे पोलीस खात्याची स्वतःची नियमावली असते. सप्टेंबर १९५३, उत्तर प्रदेशातला सीतापूर जिल्हा. फौजदार बाबूराम उपाध्याय चोरीचा तपास करून परतत होते. वाटेत धोतरात काहीतरी घेऊन लगबगीने चाललेला एक म्हातारा दिसला. झडतीत नोटा निघाल्या, त्या त्यांनी परत दिल्या. म्हाताऱ्याला जवळजवळ दिसत नव्हतं. घरी मोजल्या तर २५० रुपये कमी! त्याने एसपीकडे तक्रार केली, खात्याने चौकशी केली आणि जानेवारी १९५४ मध्ये डीआयजींनी फौजदारांना बडतर्फ केलं.

अलाहाबाद हायकोर्टाने ती बडतर्फी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर १९६० मध्ये तिथेही हरलं. कारण परिच्छेद ४८६. पोलिसावर दखलपात्र गुन्ह्याचा आरोप असेल तर आधी रीतसर गुन्हा नोंदवून तपास करायचा, असं त्यात होतं. एसपींनी ती पायरीच गाळली. न्या. सुब्बा राव यांच्या बहुमताने म्हटलं, हा नियम पाळायलाच हवा. न्या. वांछू आणि आपले न्या. गजेंद्रगडकर यांना तो तितका बंधनकारक वाटला नाही.

मला मात्र बहुमत पटतं. 'टेक्निकल मुद्द्यावर सुटला' म्हणणं सोपं आहे, पण गुन्हा नोंदवला असता तर म्हाताऱ्याची तक्रारही फौजदारी कोर्टापर्यंत जाऊ शकली असती. नियम मोडून खात्याने दोघांचंही नुकसान केलं. त्या २५० रुपयांचं काय झालं, हे कोर्टाने ठरवलंच नाही.

असो. कलम ३११ मध्ये एक पळवाटही आहे : चौकशी करणं व्यवहार्य नसेल तर कारण लेखी नोंदवून थेट काढा. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने ती उचलून धरली. त्यात बोकारोतले सीआयएसएफचे जवानही होते. १९९० मध्ये पंजाब पोलिसांतले जसवंतसिंग यांच्या खटल्यात कोर्टाने बजावलं, की कारणामागे पुरावा हवा, नुसतं साहेबाला वाटून चालणार नाही. अन् २०२१ मध्ये मुंबईत सचिन वाझेंना याच पळवाटेने, चौकशीशिवाय बडतर्फ केलं गेलं.