फुलांची वाइन आणि सोलापूरची शिंदी

ऑनसाइट जाऊन आलेल्या कुठल्याही मित्राला डँडेलियनबद्दल विचारा. "अरे, ते लॉनमधलं पिवळं तण!" एवढंच उत्तर मिळेल. पण याच तणाच्या फुलांची तिकडे घरोघरी वाइन करायची जुनी पद्धत आहे. रे ब्रॅडबरीच्या १९५७ च्या एका पुस्तकाचं नावच 'डँडेलियन वाइन' आहे. कृती अगदी सोपी. उन्हात उमललेली फुलं खुडायची, खालचा हिरवा कडू भाग काढून टाकायचा, पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून दोन-तीन दिवस ठेवायचं, मग गाळून त्यात साखर, लिंबू किंवा संत्रं आणि यीस्ट घालायचं आणि काही महिने वाट बघायची. गंमत म्हणजे या पाकळ्यांत साखर जवळजवळ नसतेच. नशा येते ती किराणा दुकानातल्या साखरेची, फुलाकडून येतो फक्त वास आणि रंग :)

आता म्हणाल, सोलापूरच्या ४२ डिग्रीत याचं काय? डँडेलियन आपल्याकडे उगवत नाही हे खरं. पण फुलाची दारू ही गोष्ट आपल्याला नवीन मुळीच नाही. आपल्याकडे मोह आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ही फुलं मांसल आणि इतकी गोड असतात की वाळल्यावर त्यांच्या वजनातला जवळपास निम्मा भाग साखरेचाच असतो. म्हणजे डँडेलियनला जी साखर बाहेरून लागते, ती मोह घरूनच घेऊन येतो. लोक ही फुलं खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात आणि दारूही गाळतात. एकच फूल, चार उपयोग.

सोलापूरकडे मोह नाही, तिथे शिंदी. ओढ्याकाठी वाढणारं, खजुराच्या जातीचं काटेरी झाड. शेंड्याजवळ खाच पाडून संध्याकाळी मडकं बांधायचं, रात्रभर रस ठिबकतो. पहाटे उतरवला तर गोड नीरा, दुपारपर्यंत तीच आंबून ताडी. साखर नको, यीस्ट नको, हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट आपोआप काम करतं. झाडाचं नाव शिंदी, प्यायच्या वस्तूचंही नाव शिंदी. सोर्स कोड ओपन, कंपायलर फुकट!

मग हे सगळं आपल्या घरातून गेलं कुठे? वाइनच्या पाककृती शोधताना अमेरिकेतला माणूस विचारतो, "कशी करायची?" आपल्याकडे प्रश्न वेगळाच होता, "झाड कुणाचं?" आणि या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी सरकारने देऊन टाकलं.

१८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली इलाख्यात नवी व्यवस्था बसली. ताडी काढायची तर परवाना, झाडामागे कर. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू गाळायची ती मोठ्या भट्टीत आणि विकायची ठेकेदाराने. पण मोहाची फुलं कुणाच्याही अंगणात पडणार, त्याला कसं अडवणार? त्यावर १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदाच केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवण्यावर आणि विकण्यावरसुद्धा बंधनं आली. विचार करा, दारू नव्हे, फूल बेकायदा! सरकारला लोकांच्या तब्येतीची काळजी होती असं समजू नका. अबकारी हे इलाख्याच्या तिजोरीत भर घालणारं मोठं खातं होतं, आणि घरची फुकटची दारू हा त्या खात्याचा स्पर्धक होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. दारूने संसार मोडत होते हे खोटं नव्हतं. १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं. सोलापूर तर गिरण्यांचं गाव. पहिली गिरणी १८७० च्या दशकातली. पगाराच्या दिवशी दुकानात काय व्हायचं हे कामगारांच्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे सरकार दारूतून पैसा काढतंय हा राग दोन तोंडांचा होता. एकाला वाटे, आमचं झाड आम्हाला बंद का? दुसऱ्याला वाटे, आमच्या घरादाराची राख करून तिजोरी का भरता?

१९३० मध्ये हे दोन्ही राग एका कुऱ्हाडीत आले. ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं गेलं. मिठानंतर अबकारीवर घाव घालायचा म्हणून गांधीजींनी दक्षिण गुजरातेत ताडीची झाडं तोडायला सांगितलं. हिशेब सरळ होता. दुकानापुढे निदर्शनं केली तर एक गिऱ्हाईक परत जातं, झाड तोडलं तर करच जातो. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली. बातमी येताच सोलापूर पेटलं, गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी जमाव रूपाभवानीच्या बाजूला गेला आणि शिंदीची झाडं तोडू लागला.

पुढचं बहुतेक सोलापूरकरांना ठाऊक असतं, पण सुरुवात शिंदीपासून झाली हे कितीजण सांगतील? पोलिसांनी काहींना धरलं, लोक सोडा म्हणून अडून बसले. कलेक्टर नाइट आले. मल्लप्पा धनशेट्टी जमावाला शांत करत होते. गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग जमाव बेभान झाला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत पेटली. पोलीस गावाबाहेर गेले आणि ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते.

१२ मेला मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले. आज सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, त्या चौकातून आपण रोज हॉर्न वाजवत जातो.

आता खरी बोचणारी गोष्ट. इंग्रज गेले, पण झाडाचं कुलूप गेलं नाही, फक्त किल्लीवाला बदलला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी राज्यभर बंदी आली. त्या कायद्यातही मोहाच्या फुलांवर नियंत्रण राहिलंच. हेतू पूर्ण उलट होता हे मान्य. इंग्रजांना कर हवा होता, आपल्या नेत्यांना व्यसनमुक्ती. पण फुलं वेचणाऱ्या बाईला दोन्ही वेळेला शिपाई एकच दिसला. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, देशी-विदेशी दारूची दुकानं आली. शेवटी कारखान्यातली बाटली कायदेशीर झाली आणि घरातलं मडकं बेकायदाच राहिलं. आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर वाइन स्वतःपुरती, करमुक्त करता येते.

यावर कुणी म्हणेल, "मग काय, हातभट्टी मोकळी करायची?" अजिबात नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते विसरून चालणार नाही. पण फरक नीट बघा. मालवणीत लोक मेले ते मिथेनॉलने, औद्योगिक रसायनाने. पाकळ्या किंवा रस आंबवून केलेलं पेय आणि रसायन मिसळलेली दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्या कायद्याने दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या. आणि जिथे भट्टीवरच घरं चालतात तिथे नुसत्या धाडीने भागत नाही, हे सोलापूरच्याच ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ओळखलं. 'ऑपरेशन परिवर्तन'मध्ये मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत त्यांनी दुसरा रोजगार उभा करायचा प्रयत्न केला.

काही गाठी सुटतायत. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष वाइनचं धोरण आणलं. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहाची फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि वाहतुकीवरची जुनी बंधनं उठवली. १८९२ चा तो कायदा धरला, तर एक फूल निर्दोष ठरायला १२९ वर्षं लागली.

शिंदीचं मात्र कुणी नाव घेत नाही. ज्या झाडाच्या तोडीतून सोलापूरची ती मोठी लढाई सुरू झाली, त्याचा रस पहाटे कसा उतरवायचा हे माहीत असलेली माणसं कमी होत चाललीत. तुमच्या घरात कुणी आजोबा असतील ज्यांनी नीरा झाडाखाली बसून प्यायली असेल, तर त्यांना या रविवारी जरूर विचारा. मडकं कधी बांधायचे, कधी उतरवायचे, आणि झाडामागे सरकारला किती द्यावं लागायचं तेसुद्धा.