घरपट्टी की डोईपट्टी?

नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याने घरात केबलची तार घ्यावी, की इंटरनेटवरून मालिका व सामने पाहावेत, हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशासाठी, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. परंतु ज्या धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, तेथे तरी जमाखर्चाच्या वहीला इतिहासाचे साधन मानण्यास हरकत नसावी. महिन्याच्या पगारातून करमणुकीला काय जाते, ते कोण मागतो आणि कसे मागतो, एवढ्याच प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खानदेशाला त्याचा लाभ व्हावयास बराच काळ जावा लागला. १९८४ च्या सुमारास सरकारने देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला, तेव्हा कोठे आपल्याकडील गच्चीगच्चीवर अँटेना दिसू लागले. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे, त्या वेळी एका संचापुढे अर्धी गल्ली बसे. त्यासाठी दरमहा वर्गणी मागायला दारात कोणी येत नसे.

वर्गणी आली ती तारेबरोबर. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून येऊ लागली, १९९२ च्या ऑक्टोबरात झी वाहिनी निघाली, आणि गावोगावच्या तरुणांना एक धंदा सापडला. एक छत्री, काही यंत्रे आणि तारेची भेंडोळी एवढे त्याचे भांडवल. विजेच्या खांबावरून, निंबाच्या फांदीवरून तार घरोघर गेली. कायदा आला तो १९९५ साली, म्हणजे धंद्याच्या मागून. आकारणी होती घरामागे. घरात माणसे तीन असोत की तेरा, वर्गणी एकच. तिला आम्ही घरपट्टी म्हणतो. ती वसूल करणारा केबलवाला ओळखीचा असे. पगार दहा तारखेला होणार असेल तर तो दहापर्यंत थांबे. संपाच्या दिवसांत दोन-दोन महिने थांबलेले केबलवाले आम्ही पाहिले आहेत. (थांबला नाही तर त्याच्याशी भांडता येई, हाही मोठाच लाभ होता.)

पुढे डबा बसवण्याची सक्ती झाली. मुंबईत ती २०१२ साली आली, आपल्यासारख्या शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत मिळाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती लागू झाली. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैसे देऊन पाहावयाच्या वाहिन्यांचे मोल त्याखेरीज निराळे. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, हा हेतू चांगलाच होता. पण स्वातंत्र्य म्हणून हाती आली ती दरांची लांबलचक यादी, आणि सासूबाईंची मालिका, मुलांची कार्टून, घरधन्याचे क्रिकेट यांची बेरीज करता करता पुष्कळ घरांनी डब्याकडे पाठ फिरवली.

पाठ फिरवायला जागाही तयार होती. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती फुकटच मिळाली. २०२३ साली आयपीएलचे सामने मोबाईलवर फुकट दाखवण्यात आले. मग जुलै २०२४ मध्ये खासगी मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, तेव्हा फुकटाची ती पंगतही उठली. व्यापाऱ्याने पहिला घास फुकट द्यावा यात नवल नाही. आम्हांला ध्यानात आणून द्यावयाची आहे ती दुसरी गोष्ट. आता आकारणी घराची राहिली नाही, ती हातातल्या यंत्राची झाली. नवऱ्याचा रिचार्ज वेगळा, बायकोचा वेगळा, कॉलेजात जाणाऱ्या दिराचा वेगळा. ही डोईपट्टी होय. आणि रिचार्ज दहा तारखेपर्यंत थांबत नाही.

तरीही तरुण कुटुंबे तिकडे वळतात, ती केवळ भुलून वळतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. जळगावच्या एमआयडीसीत चटई किंवा पाईपच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असणाऱ्या कामगाराला रात्री आठची मालिका कधी दिसणार? मोबाईल त्याच्यासाठी मध्यरात्रीही जागा असतो. वीज गेली तरी तो चालतो, आणि खानदेशाने भारनियमनाचे दिवस चांगलेच सोसले आहेत. भाड्याची खोली पिंप्राळ्यातून मेहरूणला हलवली तर तार नव्याने ओढावी लागत नाही. याहून महत्त्वाचे कारण भाषेचे आहे. केबलच्या शेकडो वाहिन्यांत अहिराणीला जागा अपवादानेच मिळाली. यूट्यूबवर मात्र अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात. आपली बोली करमणुकीच्या बाजारात मानाने मिरवते आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तेथे तार अजून टिकून आहे. पुढच्या खोलीत सासूबाईंचा संच आणि आतल्या खोलीत सुनेचा मोबाईल, अशी वाटणी पुष्कळ घरांत दिसते. अशा घराला दोन्ही पट्ट्या भराव्या लागतात.

मग तारेवरच्या माणसाचे काय? देशात पैसे भरून दूरचित्रवाणी पाहणारी घरे २०१८ साली सुमारे १५ कोटी होती, २०२४ साली ती ११ कोटींवर आली. याचा हिशेब मांडताना कंपन्यांचा तोटा सांगतात. शिडी खांद्यावर घेऊन पावसात खांबावर चढणाऱ्या पोरांची नोंद क्वचितच निघते. बहुतेकांजवळ नेमणुकीचे पत्र नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता, त्यामुळे कामावरून कमी केले असेही कोणाला म्हणता येत नाही. त्यांच्यातले काही आता त्याच खांबांवरून इंटरनेटची काचतंतूची तार ओढतात, कारण अनेक केबलवाल्यांनी तोही धंदा जोडीला घेतला आहे. मोबदला जोडणीमागे मिळतो. जोडणी नसेल त्या दिवशी काही मिळत नाही. धुळ्याच्या देवपुरात काय किंवा जळगावात काय, त्यांची यादी करण्यापासूनच आम्हांला सुरुवात करावी लागणार आहे.